पोलिसांची पाठ

पोलिसाले "पाठ फिरवा" म्हणणारी बाई पाह्यली काय कधी? म्या म्हटलं! रामाकोन्याच्या सुशीलानं! अन् तेही भर बाजारात!

चौऱ्याऐंशीची भीमजयंती होती. मागच्या साली आमची मिरवणूक चौकापर्यंत पोचलीच नव्हती. पोलिसांची ओळ आमच्याकडे तोंड करून उभी, हातात लाठ्या. आमचे पोट्टे चिडले, ढकलाढकली झाली अन् मिरवणूक तिथूनच माघारी फिरली. माही इंदू लेझमीत सगळ्यात पुढं होती. लय रडली पोरगी. यंदा चौकात खेळाचंच, असा हट्ट धरून पोरी घाम गाळून राहिल्या होत्या.

अन् चौकाच्या अलीकडं पाह्यलं तं काय, मायबाई! तेच ओळ, तशाच लाठ्या, तोंडं आमच्याकडे! पोट्ट्यांच्या मुठी आवळल्या. इंदूची लेझीम थांबली. माह्या अंगाचा असा भडका उडाला म्हणता!

"सुशे, गप्प राय वो," नवरा मोतीराम म्हणे. गप्प राहाणं माह्याच्यानं होते काय? गेली सरळ ठाणेदारापुढं. माणूस नवीन, हिंदीवाला, उन्हानं निथळून राहिला होता.

"साहेब, तुमी आमची राखण कराले आले ना? मंग आमच्यावरच काऊन डोळे वटारून राहिले? वावरातला जागल्या पिकावर काठी उगारते काय? रानडुक्कर बाहेरून येते, साहेब! तोंड तिकडं करा, पाठ आमच्याकडे!"

त्यानं थांबलेल्या पोरींकडे पाह्यलं. "इनको डर लगता है?"

"तुमाले नाई लागत?"

त्यानं टोपी काढून कपाळाचा घाम पुसला. मंग हळूच म्हणे, "लगता है."

अन् एकदम वळून असा ओरडला, "पीछे मुड़!"

खाड्कन बूट वाजले. अख्खी ओळ फिरली! समोर नुसत्या घामानं भिजलेल्या पाठी. मंग जे "जय भीम" उठलं, बापा रे! ओळ चौकाच्या पल्याड सरकली, ताशा कडाडला, इंदूनं लेझीम उचलली अन् आमी चौकात! खरंच चौकात!

ठाणेदार माह्या बाजूलेच पाठमोरा उभा होता. मान ताठ, पण पाय ठेका धरून राहिला होता.

"बाई," न वळताच म्हणे, "कैसा खेल रही हैं बच्चियां?"

मी सांगू लागली. आता वाकल्या, आता गोल फिरल्या, आता माही इंदू मधात आली. पण नुसतं सांगून कुठं दिसते?

"साहेब, आता फिरा इकडं," म्या म्हटलं. "तुमीच पाहा."

त्यानं लाठी काखेत मारली अन् वळला. इंदूनं थेट त्याच्या डोळ्यात पाह्यलं. पोरीचा ठेका चुकला नाई.