रजिस्टरमधल्या सायकली

मित्रांनो, वाणी किडा तीन मीटर रुंदीचा डांबरी रस्ता ओलांडायला साधारण नऊ मिनिटे घेतो. हात लावला की गोल गुंडाळी करून पडून राहतो, तोच हा किडा. सायकल त्याला वळसा घालते आणि त्याची नऊ मिनिटे पुरी होईपर्यंत दोन किलोमीटर पुढे गेलेली असते. दोघांचेही काही बिघडत नाही. एवढ्या अरुंद रस्त्यावर मोटारीला मात्र वळसा घालायला जागाच उरत नाही, आणि आत बसलेल्याला आपण काय चिरडले हे कळतही नाही. त्या वेळी तो बहुधा गाणे बदलत असतो.

मी सरकारी सायकल आहे. रंग काळा, वजन बावीस किलो, गिअर नाहीत, वय अकरा वर्षे. माझे सुटे भाग कारखान्यात तयार झाले, पण मला उभे केले ते घोटीच्या निसारभाईंनी. आपल्या छोट्या दुकानात त्यांनी चाकाची एकेक तार ताणली, चाक फिरवून डोळ्यासमोर धरले, पुन्हा ताणली. दोन तास ते एका चाकापुढे बसले होते. त्यानंतर मी अनेक माणसे पाहिली, पण दोन तास एकाच कामावर बसलेला माणूस फारसा दिसला नाही.

घोटीपासून थोड्या अंतरावर एक धरण आहे. ते बांधताना सामान नेण्यासाठी पाण्याच्या काठाने, ऐन आणि जांभळीच्या जंगलातून, सात किलोमीटरचा रस्ता केला होता. पुढे जंगल राखीव झाले आणि रस्ता वाहनांना बंद झाला. आत जायचे तर पायी, नाहीतर सायकलने. तोंडाशी एक लोखंडी दांडा आडवा लागला, दांड्याशेजारी पत्र्याची चौकी आली, चौकीत पहारेकरीण म्हणून मालनबाई आली आणि तिला गस्तीसाठी मी.

माझे उद्घाटन झाले. हँडलला जास्वंदीचा हार घातला. त्या वेळचे साहेब माझ्यावर बसले आणि जोरजोराने पॅडल मारू लागले. मी स्टँडवर उभी होते. मागचे चाक हवेत फिरत होते, लोक टाळ्या वाजवत होते आणि फोटो निघत होते. मी एक सेंटिमीटरही हलले नव्हते. माझे जाहीर कौतुक झाले ते तेवढेच.

मालनबाई मात्र त्रेचाळिसाव्या वर्षी माझ्यावर सायकल शिकली. लुगडे खोचून, ओठ घट्ट मिटून, अकरा वेळा पडून. मग रोज सकाळी आम्ही दोघी धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येत असू. कोवळ्या उन्हात डांबर जमिनीआधी तापते, म्हणून घोरपडी रस्त्यावर येऊन पसरत. आमची चाहूल लागली की त्या मान वर करत आणि पुन्हा खाली ठेवत. आम्ही त्यांना दखल घेण्यासारख्या वाटत नव्हतो. एवढा मान मला पुन्हा कोणी दिला नाही.

रविवारी नाशिकहून सायकलस्वार येत. त्यांच्या सायकली मोटारीच्या टपावर बसून येत. पन्नास किलोमीटर मोटारीने, मग चौदा किलोमीटर सायकलने, मग पुन्हा मोटारीने. आठ किलोची सायकल घेतली, हे सांगताना त्यांचा आवाज भरून येई. पोटाचे तेवढेच वजन कमी केले असते तर जुनीही चालली असती, हे त्यांना कोणी सांगत नव्हते. तरी मी त्यांना माफ केले. निदान ते दांड्याखालून वाकून जात.

न वाकणारे नंतर आले.

पहिले होते नव्या साहेबांचे मेहुणे, बायको आणि दोन मुलांसह. काळी मोटार दांड्याला टेकवून त्यांनी काच अर्धी खाली केली.

"दांडा घ्या वर. दाजींना फोन केलाय."

"गाडीला परवानगी नाय, दादा," मालनबाई म्हणाली.

"गाडीचं काय एवढं? आम्ही पाचच मिनिटांत येतो."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "मालनबाई, घरचीच माणसं आहेत. जाऊ द्या."

"पर रजिस्टरात गाडीचा रकानाच नाय, साहेब. पायी आन् सायकल, दोनच हायती."

"मग सायकल लिहा. माणसं किती? चार? चार सायकली लिहा."

तिने लिहिले. पाच मिनिटांसाठी गेलेली मोटार तीन तासांनी बाहेर आली. मित्रांनो, एका मोटारीला चाके चार. म्हणजे सायकली करायच्याच होत्या तर दोन व्हायला हव्या होत्या. खोटे बोलतानाही यांचे गणित चुकते.

मग ओळखीला अंत राहिला नाही. साहेबांच्या ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे, आणि पुढे नुसते 'ओळख आहे' म्हणणारे. साहेबांना कोणाला नाही म्हणता येत नव्हते आणि मालनबाईला साहेबांना. तिची नेमणूक दर मार्चमध्ये संपते आणि साहेबांची सही झाली की एप्रिलमध्ये पुन्हा सुरू होते. मुलगी निकिता नाशिकला नर्सिंग शिकते. हे सगळे मला माहीत आहे. तरी ती 'सायकल' लिही तेव्हा मला तिचीही किळस येई. माझी स्वतःचीही येई, कारण मी चौकीला टेकून उभी असे आणि माझ्याच जातीच्या नावाखाली मोटारी आत जात. गस्त बंद पडली. दांडा वर-खाली करण्यातच तिचा दिवस जाई. माझ्या साखळीला गंज चढला आणि चाकांतली हवा गेली.

घोरपडी रस्त्यावर येईनाशा झाल्या. तीन आल्या होत्या. त्यांना मालनबाईने फावड्याने उचलून कडेला ठेवले.

वरच्या कचेरीने रजिस्टर तपासले. तिथे शिकलेली माणसे बसतात. वर्षात सायकली चौपट झाल्या, असे त्यांना दिसले. त्यावरून रस्ता अपुरा पडतो, असे त्यांनी ठरवले. रस्ता सहा मीटर करावा, आत वाहनतळ आणि उपाहारगृह बांधावे, असा प्रस्ताव झाला. सायकलींसाठी वाहनतळ! इथे येऊन एकदा मोजावे, असे एकालाही सुचले नाही. महिन्याभरात तोडायच्या चारशे बारा झाडांवर पिवळ्या रंगाने आकडे पडले.

निसारभाई आपल्या मुलीला, कशिशला, घेऊन दर रविवारी येत. ती इथेच सायकल शिकली होती. झाडांवरचे आकडे पाहून ते चौकीपाशी थांबले आणि त्यांनी उघडे रजिस्टर वाचले.

"क्या मालनबाई, मागच्या रविवारी दोनशे बारा सायकली?"

"व्हय."

"घोटीत सायकलवाला मी. एवढ्या सायकली आल्या असत्या तर पंक्चर काढून माझं घर दुमजली झालं असतं."

"गप ऱ्हावा, निसारभाई. मार्चला सही मला लागती, तुमाला नाय."

निसारभाई हसले नाहीत. "रस्ता रुंद झाला की या पोरीला मी इथं आणणार नाही. एवढंच सांगायला आलो." जाता जाता त्यांनी पंप काढला आणि माझ्या दोन्ही चाकांत हवा भरली.  त्या आठवड्यात मालनबाई दोनदा साहेबांना फोन लावायला बसली. दोन्ही वेळा नंबर लागायच्या आधीच तिने फोन ठेवला.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी सायकल तुम्हाला साखळीला तेल द्यायला सांगते. द्या किंवा देऊ नका, गंजलेली साखळीही ओढत नेता येते. माझी विनंती वेगळी आहे. जे पाहिले तेच लिहा. रकाना नसेल तर नवा आखा, त्याला फक्त एक पट्टी लागते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या कचेरीतून इंदिरा मॅडम पाहणीला आल्या. प्रस्तावाला शेवटचा कागद जोडायचा होता. नोंदी खऱ्या आहेत, असा मजकूर त्यावर टाइप केलेला होता आणि खाली पहारेकऱ्याच्या सहीची जागा होती. साहेबांनी कागद रजिस्टरवर ठेवला. मॅडमची गाडी दांड्यापाशी उभी होती, इंजिन चालू होते.

"करा सही, मालनबाई," साहेब म्हणाले. "मॅडमना आत जाऊन यायचंय. तुमच्या नेमणुकीचा कागदही आणलाय मी, लगेच उरकून टाकू."

मालनबाईने पेन घेतले. बराच वेळ ती त्या टाइप केलेल्या ओळीकडे पाहत होती. चालकाने हॉर्न वाजवला.

"अहो, वाचता काय एवढं?" साहेब हसत म्हणाले. "तुमच्याच नोंदी आहेत."

"माझ्याच हायती," मालनबाई म्हणाली. तिने पेन कागदावर आडवे ठेवले आणि साहेबांना सोडून मॅडमकडे पाहिले. "म्हून सांगते. ज्या रविवारी दोनशे बारा लिवल्यात, त्या रविवारी चाळीस सायकली व्हत्या, मॅडम. बाकीच्या त्रेचाळीस मोटारी. मी मोजल्या आन् एकेकीच्या चार सायकली लिवल्या. ही सही मी करणार नाय. आन् ही गाडी आत जाणार नाय, तुमची असली तरी."