अश्लेषा भुईगावात मरते

मर्विननं टीव्ही मालिकांच्या निर्मितीत अकरा वर्षं घासली. तेवढ्या काळात त्यानं तीन पात्रांना मारलं आणि चौघांना उठवलं. हा हिशोब चॅनेलला कधी खटकला नाही, त्याला खटकला. नोकरी सोडून त्यानं स्वतःचा सिनेमा काढला. त्यात ग्लिसरीन नाही, ढणढण संगीत नाही, आणि मेलेलं माणूस मेलेलंच राहणार.

आज शूटिंगचा शेवटचा दिवस. भुईगावला लुसीमावशीच्या अंगणात नायिकेची शवपेटी, पेटीत नटी एलिसा, भोवती शेजारपाजारच्या खऱ्या बायका. उद्यापासून एलिसा दुसऱ्या कामाला बांधलेली. आज अंत्यविधीचा शॉट झाला नाही तर सिनेमा शेवटाविना राहणार आणि मर्विनला मालिकेत परत जावं लागणार. जुन्या साहेबांनी त्याची खुर्ची रिकामीच ठेवली होती. अधूनमधून तिचा फोटो पाठवायचे.

अडचण एकच होती. बायका रडेनात.

मर्विननं त्यांना नायिकेचं सगळं दुःख समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, मग त्यांच्यातल्या ग्लोरियाकाकूंनी विचारलं की जेवणात मासळी आहे की कोंबडी. एक जण जांभई दाबताना फार दुःखी दिसली, पण कॅमेरा दुसरीकडे होता.

“आमची हिची ओळखच नाही रे,” लुसीमावशी म्हणाली. “तुझी ती अश्लेषा मेली तेव्हा बघायचं होतंस.”

अश्लेषा ही मर्विनच्या मालिकेतली सून. सहा वर्षं रोज संध्याकाळी या बायकांच्या घरी यायची. टीआरपी घसरला म्हणून मर्विननं तिला दरीत ढकललं, तेव्हा यांनी तिच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना सांगितली. फादरनी आडनाव विचारल्यावर जरा पंचाईत झाली. पुढच्याच महिन्यात अश्लेषा जिवंत परतली आणि त्याचं श्रेय बायकांनी मिस्सेला दिलं.

ऊन नारळांच्या शेंड्यांवर चढलं होतं. मर्विननं डोळे मिटले.

“मावशी, ही अश्लेषाच आहे.”

बायकांनी पेटीत वाकून पाहिलं. “चेहरा वेगळाय.”

“प्लास्टिक सर्जरी,” मर्विन म्हणाला. जीभ विसळून घ्यावीशी वाटली त्याला.

“मग आधी सांगायचं ना,” मावशी म्हणाली, आणि अंगणभर रडारड सुरू झाली. सगळं खोटं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण रोज घरी येणाऱ्या पोरीला परकं कसं म्हणायचं? एक जण तर तिच्या सासूला शिव्या देत रडत होती. कॅमेरामन एरॉलला चष्मा पुसावा लागला.

आता फक्त झाकण लावायचं राहिलं. लुसीमावशीनं हात आडवा घातला.

“थांबा. अजून उठली नाही.”

“उठणार नाही, मावशी. हा सिनेमा आहे.”

“दरीतून उठली होती.”

“ते मी उठवलं होतं.”

“मग आता कोण उठवणार?”

मर्विननं हात जोडले, भांडून पाहिलं, कलेविषयी चार शब्द सांगितले. बायका पेटीभोवती तशाच उभ्या. उजेड चाललेला. शेवटी तो पेटीपाशी गेला आणि दात आवळून म्हणाला, “एलिसा, ऊठ.”

एलिसा उठून बसली. बायकांनी क्रूसाची खूण केली. ग्लोरियाकाकूंनी तिला पाणी पाजलं, इतका वेळ लावला म्हणून दटावलं, आणि डोळे पुसता पुसता सगळ्या हसू लागल्या. असे चेहरे मर्विननं कुठल्याच मालिकेत पाहिले नव्हते, आणि त्याला नेमका याचाच राग आला.

ऊन गेलं. “कॅमेरा चालूच राहिला होता,” एरॉलनं हळूच सांगितलं. “ती उठली ते पुसून टाकू का?”

मर्विन रिकाम्या पेटीच्या काठावर बसला.

“राहू दे, हाच शेवट,” तो म्हणाला. “पण साहेबांच्या कानावर घालू नकोस.”