काळ्या गिटारची जबानी

मी एक गिटार. कैरोच्या शुब्रा भागातून, चौथ्या मजल्यावरच्या एका पलंगाखालून बोलतेय. चौकशीत माझ्याबद्दल सगळे बोलले. मला कुणी काही विचारलं नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एका खलाशानं मला अलेक्झांड्रियाच्या बंदरात विकलं, आणि हिंडत-फिरत मी रऊफच्या हाती आले. तेव्हा मी लाल होते, पण अंगभर ओरखडे. बाल्कनीच्या गजांना लावून उरलेला काळा रंग रऊफनं माझ्यावर फासला. मी खूश झाले. नव्या कपड्यांत कोण खूश होत नाही?

रऊफ इंजिनिअरिंग शिकत होता. त्याचा मित्र नाशेद संध्याकाळी यायचा. त्याच्याकडे ड्रम नव्हते, म्हणून तो रऊफच्या आईची पातेली बडवायचा.

"मेल्यांनो, त्यात उद्या मुलुखियाची भाजी शिजवायचीय मला!" हिकमत, म्हणजे रऊफची आई, आतून ओरडायची. पण धूळ पुसताना मला ‘सूनबाई’ म्हणायची. "सूनबाई, आवाज जरा बेतानं. खाली माणसं राहतात."

त्या वर्षी रमजान ऐन थंडीत आला. एका वर्तमानपत्रात छापून आलं, की शहरातली लांब केस वाढवून गिटार वाजवणारी पोरं सैतानाला पुजतात, मांजराचं रक्त पितात, कबरी उकरतात. शेजारी फोटो, कवटी छापलेल्या काळ्या सदऱ्याचा. रऊफकडे अगदी तसाच सदरा होता. तो पोट धरून हसला. हिकमत हसली नाही. तिनं सदरा फाडून त्याची फरशी पुसायची फडकी केली.

मग बोलण्याचे सूर बदलले. वाणी रऊफच्या खांद्यापर्यंतच्या केसांकडे बघून सुटे पैसे काउंटरवर ठेवायला लागला, हातात देईना. तळमजल्यावरच्या मादाम इक्बालची मांजर नेमकी त्याच आठवड्यात नाहीशी झाली.

"मी कुणाचं नाव घेत नाही गं हिकमत," ती जिन्यात म्हणाली, "पण वरून तसले आवाज येतात आणि इकडे माझी मिशमिश जाते. माणसानं काय समजायचं?"

नाशेदही यायचा बंद झाला. मिन्या गावी मामाकडे गेलाय, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं.

दारावरची घंटा वाजली आणि पोलीस आले, ते नेमके उपास सोडायच्या वेळी. मसुराचं सूप वाढलेलं, रऊफच्या बोटांत खजूर. तो तोंडात जायच्या आत त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं. मलाही उचललं.

चौकशीच्या खोलीत मला टेबलावर आडवं ठेवलं. अधिकारी आवाज चढवत नव्हता. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"काळी का?"

"गजांचा रंग उरला होता, साहेब."

"आणि मांजर कुठे पुरलं?"

"कुठलं मांजर?"

"म्हणजे बरीच आहेत," अधिकारी म्हणाला, आणि शिपायानं तेही लिहून घेतलं.

कितीतरी वेळ हेच चाललं. मग अधिकाऱ्यानं चहा मागवला, खुर्ची जवळ ओढली. "चांगल्या घरचा दिसतोस. तुला कुणीतरी नादी लावलंय. त्याचं नाव सांग आणि घरी जा. आई बाहेर थंडीत उभी आहे तुझी."

रऊफ माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे काय होतं द्यायला? मग तो म्हणाला, "नाशेद."

"काय करायचा?"

"पातेली वाजवायचा."

"लिही," अधिकारी शिपायाला म्हणाला, "विधीची भांडी."

घरी मात्र सोडलं नाही. त्याची ईद आतच गेली. पुढे खटला उभा राहीना, तेव्हा डोकं भादरून त्याला बाहेर काढलं. मला सोडवायला हिकमत एकटी गेली. "सैतानाची वस्तू आहे ती, बाई," शिपाई म्हणाला. "माझ्या घरची आहे. आण इकडे," ती म्हणाली, आणि मला छातीशी धरून बसमधून घेऊन आली. शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही.

मिशमिश गच्चीवरच्या मोडक्या कपाटात पिल्लांसकट सापडली. मादाम इक्बाल कुनाफ्याच्या मिठाईची ताटली घेऊन वर आली. "मी कधी काही बोलले होते का गं?" हिकमतनं ताटली घेतली आणि दार लावून घेतलं.

रऊफ मला शिवेना. जिन्यात पावलं वाजली की मला पायानं आत ढकलायचा. "वाजव ना रे," हिकमत विनवायची. "माझी पातेली घे हवं तर." तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. का, ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

उन्हाळ्यात एके दुपारी नाशेद आला. उतरलेला चेहरा, एक पाय ओढत. हिकमतनं त्याला मिठी मारली आणि डोळे पुसत चहा टाकायला गेली.

"नाशेद," रऊफ उभाच होता, "तिथं माझ्या तोंडून तुझं..."

"ठाऊक आहे. वाचून दाखवलं त्यांनी."

रऊफची मान खाली गेली.

"वर बघ," नाशेद म्हणाला. "मामाकडे कुठला गेलो होतो मी? आधी मलाच नेलं होतं. विचारलं, गिटार कुणाची? तुझ्या घराचा पत्ता मीच दिला रे."

रऊफ पलंगाच्या कडेला बसला. मग नाशेदनं खाली वाकून मला बाहेर ओढलं, मांडीवर घेतलं, खुंटी पिळली. गंजलेली तार ताण सोसेना, ताडकन तुटली. दोघंही दचकले. आणि दोघांनीही एकदम दाराकडे पाहिलं.

दारात हिकमत होती, चहाचे पेले घेऊन.

मला नवी तार अजून कुणी लावलेली नाही. नाशेद येतो, मला मांडीवर घेतो, परत ठेवतो. माझं एवढंच मागणं आहे. असली बातमी पुन्हा छापून येईल, येतेच. तेव्हा ती खाली जिन्यात उभं राहून वाचू नका. वर या. आमच्याकडे चहा घ्या. मला हातात घेऊन बघा, काळा रंग नखानं खरवडून बघा. फक्त येताना, दारावरची घंटा वाजवू नका. हळू हाक मारा.