बोलावण्याचं गाणं

मेक्किनने खुर्ची उचलून कॉफीच्या टेबलावर ठेवली. एक पाय डुगडुगत होता, त्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला आणि वर चढण्याआधी सासूकडे पाहिलं. हाल्बेरा खिडकीपाशी बटाटे सोलत बसली होती.

"पडलीस तर डॉक्टर डोंगरापलीकडे राहतो," हाल्बेरा म्हणाली. "आणि टेबल माझ्या लग्नातलं आहे."

"उंच बसावं लागतं. जुन्या काळच्या बायका बसायच्या."

"त्यांच्याकडे कॉफीची टेबलं नव्हती."

मेक्किन चढली. खाली कोंबडीच्या पिसांची उशी घेतली, कारण शिकवणाऱ्या बाईंनी तसं बजावलं होतं. हातात काठी हवी होती; ती कुठे सापडेना, म्हणून गवत ओढायच्या दाताळ्याचा दांडा काढून आणला होता. या विद्येला सेद म्हणतात. डोळे मिटून अंग सैल सोडायचं, मन देहाबाहेर धाडायचं आणि जे कुणालाच ठाऊक नाही ते विचारून परत यायचं. राजधानीतल्या एक बाई दर रविवारी कॉम्प्युटरवरून ती शिकवत. मेक्किनचे जेमतेम दोन धडे झाले होते, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला आइसलंडातही मनाई नाही.

विचारायचं एकच होतं. फ्लेक्का कुठे आहे?

फ्लेक्का ही पुढारी मेंढी. पुढारी म्हणजे खरोखरच पुढे चालणारी. अशी मेंढी माणसाच्या आधी हिमवादळ ओळखते आणि सगळा कळप मागे घेऊन घरी येते. हा गुण रक्तातून उतरतो, शिकवून येत नाही. हाल्बेराच्या नवऱ्याने, तोरवीने, तो वंश जन्मभर जपला होता आणि त्यातली आता फ्लेक्का आणि तिची दोन कोकरं तेवढी उरली होती. तोरवी वसंतात गेला. शरदात डोंगरावरची बाकी सगळी मेंढरं खाली आली, ती तिघं आली नाहीत. कोल्बेन, म्हणजे हाल्बेराचा मुलगा आणि मेक्किनचा नवरा, कुत्रा घेऊन फिरला, मोटरसायकल घेऊन फिरला, भोंगा वाजवून थकला. काल फ्लेक्का घरामागच्या कड्यावर दिसली होती. त्याच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवून निघून गेली.

आज रात्री बर्फ पडणार होता. सकाळी न्याहारीला हाल्बेराने कुणाकडेही न बघता सांगून टाकलं होतं, "फ्लेक्का गेली तर मेंढरं विकू. मी शहरात, आकुरेरीला बहिणीजवळ राहीन. तुम्ही दोघं मोकळे."

मेक्किनला मोकळं व्हायचं नव्हतं. शहर सोडून ती इथे आली तेव्हा नवऱ्यासाठी आली होती. आता तिला हे घर आवडत होतं, ही कुचकट बोलणारी सासूही आवडत होती. ते बोलून दाखवण्यापेक्षा टेबलावर चढणं तिला सोपं वाटलं.

तिने बशीत जुनिपरच्या झुडपाच्या वाळक्या काड्या पेटवल्या. काड्या ओलसर निघाल्या. बघता बघता खोली धुराने भरली आणि दोघी खोकू लागल्या.

"हाल्बेरा, एक काम होतं."

"खिडकी उघडायचं ना? तेच करते आहे."

"ते कर. पण मग गायचं. बसणारीने गायचं नसतं, दुसऱ्या बाईने गायचं असतं."

हाल्बेराच्या हातातली सुरी थांबली. "मी चर्चच्या वृंदात गाते. पाद्रीबुवांच्या कानावर गेलं तर?"

"पाद्रीबुवांची मेंढी हरवली तर ते काय करतात?"

"कोल्बेनला फोन करतात." हाल्बेराने अर्धवट सोललेला बटाटा हातात फिरवला. "कसलं गाणं?"

"बोलावण्याचं. ते ऐकून ते जवळ येतात."

"ते कोण?"

"नक्की माहीत नाही. तो धडा पुढच्या रविवारी आहे."

हाल्बेरा हसली नाही. तिने सुरी आणि बटाटे बाजूला ठेवले, ॲप्रनला हात पुसले आणि खिडकी होती तेवढी सगळी उघडली. धूर बाहेर जाऊ लागला, गार वारा आत आला. ती खोलीकडे पाठ करून तिथेच उभी राहिली.

"मला बोलावण्याचं एकच गाणं येतं," ती म्हणाली. "डोळे मीट."

मेक्किनने डोळे मिटले.

हाल्बेराचा आवाज सगळ्या खोऱ्याला ठाऊक होता. तोरवीच्या अंत्यसंस्कारालाही ती वृंदात उभी राहून गायली होती आणि एक सूर हलला नव्हता. त्या दिवसानंतर मात्र घरात तिने गुणगुणलंसुद्धा नव्हतं. म्हणून आता पहिली ओळ ऐकताच मेक्किन दचकली. सूर खालून लागला होता. दुसऱ्या ओळीत तो आणखी घसरला आणि तिसरीच्या शेवटी, जिथे वर चढायचं, तिथे चिरकला. म्हातारी रडते आहे, असं मेक्किनला वाटलं. डोळे उघडायचा तिला धीर होईना.

गाणं संपलं आणि पुन्हा सुरू झालं. पुन्हा तिथेच घसरलं, तिथेच चिरकलं. हाल्बेरा ते पुनःपुन्हा म्हणत राहिली आणि दर वेळी चूक अगदी आपल्या जागेवर येत होती. तेव्हा कुठे मेक्किनला ओळख पटली. संध्याकाळी बादली घेऊन फाटकापाशी उभा राहून तोरवी मेंढरांना बोलावताना असाच गायचा. आणि स्वयंपाकघरातून हाल्बेरा ओरडायची, 'वर, अरे वर जायचं तिथे.'

मेक्किनचं मन देहाबाहेर वगैरे काही गेलं नाही. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने येऊ दिलं. उशीचं एक पीस मांडीला टोचत होतं. बराच वेळ तिला फार बरं वाटत राहिलं.

मग गाणं मध्येच थांबलं.

"कुणी आलं का?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"आलंय."

"कोण?"

"उतर खाली आणि फाटक उघड. माझे गुडघे तिथवर पोचेपर्यंत तिचा विचार बदलायचा. तो दांडा इथेच ठेव, काठी पाहून ती बिचकते."

फाटकाबाहेर फ्लेक्का उभी होती, दोन्ही कोकरं मागे घेऊन. लोकरीत काटे अडकले होते, पण मान ताठ होती. मेक्किनने फाटक उघडताच ती तिच्याकडे ढुंकूनही न बघता आत शिरली आणि सरळ गोठ्याकडे चालू लागली. डोंगरावर बर्फ पडायला लागला होता.

मेक्किन घरात आली तेव्हा हाल्बेरा पुन्हा बटाटे सोलत होती. खिडकी अजून उघडीच होती. मेक्किन खुर्ची खाली घ्यायला गेली.

"राहू दे," हाल्बेरा म्हणाली. "कोल्बेन येऊन बघू दे. इतके दिवस भोंगा वाजवत हिंडतोय बिचारा."

"आणि आकुरेरी?"

"तिथे मेंढी ठेवू देत नाहीत."

मेक्किन दुसरी सुरी घेऊन तिच्या शेजारी बसली. एक बटाटा सोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "तोरवी तिथेच चुकायचा ना? तिसऱ्या ओळीला?"

"तिथेच. जन्मभर सुधारत होते मी त्याला." हाल्बेराने सालं गोळा करून बादलीत टाकली. "बरं झालं, ऐकलं नाही माझं."