एवढं मोठं जहाज

आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या वर, त्याच जिन्याने चढून गेलं की, दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. खाली डोळे, वर दात, असं लोक गमतीने म्हणायचे. दुपारी दुकान बंद असलं की हे आणि डॉक्टर जिन्याच्या पायरीवर बसून गप्पा मारायचे. तिथेच एके दिवशी दोघांनी परस्पर ठरवून टाकलं, की चौघांनी मिळून जहाजाने सुट्टीला जायचं. आम्हा बायकांना फक्त तारीख कळवण्यात आली.

ते पहिलं जहाज आठवलं की हसू येतं. एखादं लहानसं हॉटेल कुणीतरी पाण्यात ढकलून द्यावं, तेवढंच. खोलीत खाली एक आणि वर एक अशी झोपायची सोय, ताटलीएवढी गोल खिडकी. पोहण्याचा तलाव म्हणजे हौदच; दोन जाडी माणसं एकदम उतरली की पाणी बाहेर. जेवणाचं दालन एकच. त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत कोण घोरतं, कुणाला बोट लागली, कुणाचं नवऱ्याशी बिनसलंय, सगळं सगळ्यांना ठाऊक. डॉक्टरांनी जहाजाच्या कप्तानाचा असा पिच्छा पुरवला, की त्या भल्या माणसाने शेवटी त्यांना सुकाणूपाशी नेलं आणि आपली टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. तो फोटो दवाखान्यात लागला आणि डॉक्टर कायमचे कप्तान झाले. त्यांची बायको आपोआप कप्तानीण. "पगार नाही ते नाही, हुद्दा तरी मिळाला," ती म्हणायची.

मग दर तीन-चार वर्षांनी जाणं सुरू झालं. दुसऱ्या जहाजाला लिफ्ट होती, म्हणून आम्ही उगाचच वर-खाली करत बसलो. तिसऱ्यावर नाटकगृह आलं, खोल्यांना बाल्कन्या आल्या. त्यापुढच्यावर बर्फावर घसरायची जागा निघाली, तेव्हा हे म्हणाले, "आता पुढच्या जहाजात एक छोटं जहाज ठेवतील, ज्यांना समुद्र बघायचाय त्यांच्यासाठी." जहाजं फुगत गेली, आम्हीही फुगलो. मुलं मोठी झाली, केस गेले, पथ्यं आली. पण जेवायला चौघांचं टेबल ठरलेलं. माझी आई गेली तेव्हा कप्तानीण आठवडाभर आमच्याकडे येऊन राहिली होती. रोज सकाळी माझी वेणी तिने घातली. सख्खी बहीण काय वेगळं करते?

ह्यांची स्मरणशक्ती म्हणजे आमच्या दुकानाची शान. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याच्या चष्म्याचा नंबर ह्यांच्या ओठांवर. पहिल्यांदा ते नंबर गेले. मग वार गेले, रस्ते गेले. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार हळूहळू वाढत जाईल. जे अजून आहे ते जपा." चेहरे अजून होते. माणूस ओळखायला हे कधी चुकत नव्हते.

चौघांच्या शेवटच्या सफरीत हे दुसऱ्याच कुणाच्या खोलीचं दार ठोठावत बसले. एका जेवणात टोपीचा किस्सा तीनदा सांगितला. एका दुपारी दिसेनासेच झाले, तेव्हा कप्तान सगळे मजले पालथे घालून ह्यांना लहान मुलांच्या खेळघरातून हाताला धरून घेऊन आले. "काही नाही हो वहिनी, लेकाचा खेळायला गेला होता," असं म्हणून त्यांनी मला हसवलं. मला वाटलं, ही माणसं आहेत तोवर मला कसली भीती?

त्यानंतर ते नवं, सगळ्यात मोठं जहाज आलं. त्यावर जायचंच असं चौघांचं कधीपासून चाललं होतं. मी फोन केला तर कप्तानीण म्हणाली, "अगं, कसलं जहाज! ह्यांचा गुडघा पार गेलाय. चालणंच बंद सांगितलंय. यंदा कुठेही नाही."

मला इतकं वाईट वाटलं, की मी आमची शेकायची पिशवी त्यांच्याकडे पाठवून दिली. पण माझी मुलगी ऐकेना. "आई, बाबांना अजून कळतंय तोवर जाऊन या," असं म्हणून तिने परस्पर दोघांची तिकिटं काढली. मी कप्तानिणीला जहाज सांगितलं, तारीख सांगितली. तिने तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली.

"वा!" ती म्हणाली. "मजा करा गं."

ते जहाज म्हणजे गावच होतं. पोटात एक अख्खा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं. खरी झाडं लावलेली बाग. काही बाल्कन्या त्या बागेवरच उघडणाऱ्या, म्हणजे समुद्रावर येऊन समुद्राकडे पाठ. कुठे जायचं ते फोनला विचारायचं. हजारो माणसं, रोज नवे चेहरे. मी ह्यांचा हात सोडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या आतल्या रस्त्यावर हे थबकले. "कप्तान गेला बघ."

"कुठला कप्तान?"

"आपला. तिकडे, लिफ्टमध्ये शिरला."

"अहो, ते घरी आहेत. त्यांचा गुडघा दुखतोय ना?"

संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या सकाळी नाश्त्याला, पाव हातात धरून, "कप्तान आपल्याकडे का येत नाही? रागावलाय का?" चेहरेही चालले, असं मला वाटलं. मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "तुम्हाला भास होतोय. कप्तान इथे नाहीत. पुन्हा हा विषय नको." ह्यांनी पाव खाली ठेवला आणि शिक्षा झालेल्या मुलासारखे मान घालून बसले. मला भडभडून आलं. कुणाशी बोलायचं? मी कप्तानिणीला बागेचा फोटो पाठवला. लिहिलं, "तुमची फार आठवण येते. ह्यांना तर सगळीकडे कप्तानच दिसतात. गुडघा कसा आहे?"

लगेच उत्तर आलं. "पडूनच असतात गं. तू काळजी घे." शेवटी लाल बदाम.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांना वरच्या डेकवर खुर्चीत बसवून मी आइस्क्रीम आणायला गेले. तलावाच्या पलीकडे गाणी चालली होती, हशा पिकला होता. साठीपुढच्या पुरुषांची नाचाची स्पर्धा होती. सहज बघितलं, तर पिवळा शर्ट घातलेले कप्तान कमरेवर हात ठेवून पार खालपर्यंत बसत होते आणि तसेच वर उठत होते. गुडघा झकास वाकत होता. पहिल्या रांगेत कप्तानीण टाळ्या वाजवत होती. आइस्क्रीम वितळून माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं, तरी मला हलता येईना.

तिची नजर माझ्यावर पडली. टाळ्या तशाच हवेत राहिल्या. मग ती लगबगीने आली आणि मला टॉवेल ठेवायच्या कपाटाआड घेऊन गेली.

"तुला सांगणारच होते मी," ती म्हणाली.

"कधी?"

"हे बघ, आमचं बुकिंग आधीच झालं होतं. तू तारीख सांगितलीस तेव्हा मला काय करावं कळेना. ह्यांनी सांगितलं, एवढं मोठं जहाज आहे, गाठ पडायची नाही. आम्ही मुद्दाम पार मागच्या टोकाची खोली बदलून घेतली. जेवायलाही उशिरा जातो."

"काल मी तुला फोटो पाठवला."

तिने मान खाली घातली. "आम्ही वरच्या मजल्यावर कॉफी पीत होतो."

मला वाटलं होतं मी ओरडेन. मी तिथला एक टॉवेल ओढून हात पुसत राहिले. ती मात्र बोलत सुटली. "मागच्या सफरीहून आल्यावर हे महिनाभर नीट जेवले नाहीत. मित्राला असं झालेलं त्यांना बघवत नाही गं. आमचीही वयं झाली. अजून किती सुट्ट्या उरल्यात आमच्या? एक तरी निवांत हवी होती. आणि तुला तोंडावर नको कसं म्हणायचं?"

"नको म्हणायचं होतंस," मी म्हटलं. "मी रडले असते आणि मग समजून घेतलं असतं. दमायला मीही दमते. पण तुझ्या शब्दावर मी तीन दिवस माझ्या नवऱ्याला वेड्यात काढलं. तो खरं बोलत होता."

तेवढ्यात मागून हाक आली. "कप्ताना! अरे लेका!" हे खुर्चीतून उठून एकटेच, त्या गर्दीतून वाट काढत आले होते. त्यांनी नाच सोडून आलेल्या पिवळ्या शर्टाला गच्च मिठी मारली. "हिला मी सांगत होतो. ही ऐकेचना! म्हणे तू घरी आहेस!" ते खदखदून हसत होते. कप्तानांनी ह्यांच्या खांद्यावर तोंड दडवलं. ते रडत होते हे मला दिसलं. मला दया आली नाही.

"आज जेवायला आपलं टेबल," हे म्हणाले.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हटलं नाही. त्या रात्री आम्ही चौघं जेवलो. टोपीचा किस्सा झाला. पुन्हा झाला. कप्तान दोन्ही वेळा हसले, तिसऱ्या वेळी त्यांनी वाढप्याला बिल मागितलं, जे त्या जहाजावर कुणीच मागत नाही, जेवण तिकिटातच असतं. कप्तानीण मला मीठ, पाणी, रुमाल असं काही ना काही देत राहिली. मी घेत राहिले. उतरताना तिने एकाच टॅक्सीने जाऊ म्हणून विचारलं. मी ह्यांची बॅग उचलली आणि रांगेत पुढे गेले.

मुलीला सांगितलं तर ती तिथल्या तिथे कप्तानिणीला फोन लावायला निघाली. मी तिच्या हातातून फोन घेतला. भांडायचं असतं तर मीच भांडले असते. कप्तानिणीचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. मग तेही थांबले. शेकायची पिशवी मात्र तिने कुणाच्यातरी हाती परत पाठवली, धुऊन, घडी घालून.

एका रविवारी दारावरची बेल वाजली. कप्तान एकटेच उभे होते, हातात बुद्धिबळाचा डबा. बायकोला सांगून आले होते की न सांगता, ते मी विचारलं नाही. बाजूला झाले. हे आतूनच ओरडले, "उशीर केलास!" जणू कालच ठरलं होतं. दोघं खिडकीशी बसले. हे घोडा वाटेल तसा चालवत होते आणि कप्तान काही न बोलता तो चालू देत होते. ते मी पाहिलं. पाहून बरं वाटलं, हे खोटं नाही.

मी कॉफी करून बाहेर आणली.

"साखर किती?" मी विचारलं.

कप्तानांनी मान वर केली. इतकी वर्षं माझ्या हातची कॉफी प्यालेला माणूस. "तुम्हाला ठाऊक आहे, वहिनी."

"विसरले," मी म्हटलं.

ते हळूच म्हणाले, "दोन चमचे." मी दोन चमचे घातले, कप पुढे ठेवला आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेले.