टक्कल पडलेला कोट

गोपालभौ, ट्रक बंद कर न बस इथं. सिमल्याले चालला नं? मंग त्याच्या आंधी आमच्या रामीबाईच्या कोटाचा किस्सा आयक. हासाचं तेवढं हास, पण ध्यान देऊन आयक.

मांगच्या हिवाळ्यात मी तिकडंच रस्त्याच्या कामावर होतो. निंगताना एका हाटेलवाल्या बाईनं मले जुना कोट देला. सशाच्या केसाचा, पांढराफेक. मी तो इथं किन्हीराजाच्या तांड्यावर आणला, न आमची मंडळी, म्हंजे रामीबाई, त्याच्यावर भाळली.

"रेणूच्या सोयरिकीले मी हाच घालीन."

"एप्रिल हाये, बाई! भट्टीत बसतं काय?"

"कामरगावची रुपाबाई इहीण होऊन राह्यली. लय मिजास तिले. आपली पोरगी तिले हलकी नाई वाटली पायजे."

कोटावर धूळ होती. रामीबाईनं गोधडीसारखा सोड्यात उकळला, दगडावर आपटला, उन्हात टाकला. कोटाचा पापड झाला. अंगणात एकटाच उभा राहे, जवाई रुसल्यावानी!

"अवं, कातडं होय ते," मी म्हनलं.

"कातडं हाये? मंग तेल पायजे त्याले."

वाहणीले लावतो ते एरंडीचं तेल चोपडलं. नरम त झाला, पण केस असे चिपकले का नालीत पडलेलं मुंगूसच.

सोयरिकीच्या दिवशी रामीबाई कोट घालून बसली. घाम न तेल संगच गळून राह्यलं. तांड्यावरचे सारे कुत्रे वासानं भोवती जमले. रुपाबाईनं कौतुकानं बाहीवरून हात फिरवला, न मूठभर केस हातात!

चहा घेऊन उभी असलेली रेणू पांढरी पडली. म्हनलं, मोडली सोयरीक.

"इहीणबाई, तुमचा कोट झडून राह्यला," रुपाबाई म्हणे.

"तुमच्या राजपालचं डोस्कंबी झडूनच राह्यलं. आमी बोललो काय?"

नवरदेवानं टोपी कानापर्यंत खाली ओढली. रुपाबाईनं पोराकडं पाह्यलं, मुठीकडं पाह्यलं, न अशी हासली का डोयातून पाणी!

"पक्कं समजा," म्हणे. "मले अशीच तोंडाची इहीण पायजे. पण लग्नात मले असा कोट द्या. केसवाला."

आता लगन आलं तोंडावर. म्हणून गोपालभौ, तेवढा एक कोट पाह्य तिकडं. केसात फुक मारजो. खाली बारीक, दाट लव दिसली त माल चांगला. चिमटीनं ओढून पाह्यजो. केस निंगले त दुकानदाराच्याच टकलावर ठेवून ये. अन् तो धुवाचा नसते, तेल लावाचं नसते, झटकून सावलीत टांगाचा, हे दोघी इहिणीले तूच सांग बापा. मह्यी हिंमत नाई.