वरच्या हवेची गाडी

भात झाला आणि कुकरचं बटण टक्कन उडालं. मी दचकले. खोलीत दुसरा आवाज नव्हता. माझी लेक नात्सुहो अजून झोपलेली, खालच्या सुक्या मासळीच्या दुकानाचं शटर अजून बंद. गेले तीन आठवडे कुठेही काही टक् वाजलं की माझा उजवा पाय आपोआप उचलला जातो, गाडी चालवत असल्यासारखा.

गाडी कोसेईची, माझ्या नवऱ्याची. पिवळ्या नंबरपाटीची, छोट्या इंजिनाची व्हॅन, माझ्याहून चारच वर्षांनी लहान. कोसेई नोव्हेंबरात गेला, लेट्यूसच्या शेतातच, छातीत कळ येऊन. फेब्रुवारीत मी त्याच गाडीत चार खोकी आणि नात्सुहोला घालून डोंगर उतरले आणि समुद्रकाठच्या या गावात मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात कामाला लागले. "हिवाळ्यापुरती जाते," असं सासूबाईंना सांगितलं होतं. आता जुलै संपत आला होता.

थंडीत गाडी गप्प होती. ऊन वाढलं तशी चढावर वाजायला लागली. सपाटीवर काही नाही, पण बालवाडीचा चढ आला आणि पाय जरा दाबला की आतून बारीक टकटक. मी पाय उचलायचे, मागच्या गाड्या हॉर्न द्यायच्या.

रविवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला, ऑगस्टातल्या ओबोनसाठी. त्या दिवसांत गेलेली माणसं दारातली आग बघून आपापल्या घरी येतात.

"पहिला ओबोन आहे गं त्याचा. तेरा तारखेला संध्याकाळी तो घरी येणार. दारातली आग आपणच पेटवायची. शेजारणीने पेटवलेली त्याला कशी ओळखू येईल?"

"येते, आई."

"येतेस ना? मग राहायलाच ये. तुमची खोली झाडून ठेवलीय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग नात्सुहो नीट जेवते का, एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

ओबोनला वर, सासरी जायचं तर सव्वाशे किलोमीटरचा चढ. त्याच सकाळी मी बंदराजवळच्या नुमाकुरांकडे गाडी नेली. सत्तरीचे गृहस्थ. रविवारीही गॅरेज अर्धं उघडं ठेवून आत एकटेच रेडिओ ऐकत बसतात.

"चला, चढावर नेऊन दाखवा," ते शेजारच्या सीटवर बसत म्हणाले. "मी असताना वाजणार नाही बघा. डॉक्टरकडे गेलं की खोकला थांबतो ना, तसं."

पण वाजली. देवळाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये त्यांनी मला दाबायला लावलं आणि ती अगदी मन लावून वाजली.

"डब्यात वाटाणे हलवतायत," नात्सुहो मागून म्हणाली.

"बरोबर बोललीस, बाईसाहेब. माझ्या गुडघ्यात पण हेच वाटाणे आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पेट्रोल कुठलं घालता?"

"आधी साधं घालायचे. पंपावरचा मुलगा म्हणाला महागडं घाला, तर दोनदा पिवळ्या नळीचं घातलं."

"फरक?"

"थोडासा. उगीच."

"उगीचच. ताप डोक्यात आणि मलम पायाला."

गॅरेजमध्ये त्यांनी आधी पाणी पाहिलं, पंखा पाहिला. मग एक प्लग काढून उजेडात धरला आणि फिरवून फिरवून पाहिला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी प्लग माझ्या डोळ्यांसमोर आणला. पांढऱ्या चिनीमातीवर चकाकणारे बारीक बारीक ठिपके होते.

"सुंदर दिसतंय ना? हे तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम. अशीच चढावर नेलीत तर ओबोनला पोचाल, पण परत दोरीने ओढून आणावी लागेल."

मग ठिणगी नेमकी केव्हा पडते ते दाखवणारी टायमिंगची बत्ती लावली. इंजिन सुरू, बत्तीचा उजेड फिरत्या चाकावर लुकलुकत होता. त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"काय?"

"ठिणगी फार लवकर पडतेय. पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि वर येणाऱ्या पिस्टनला थोबाडीत मारतं. तोच हा आवाज. पण हे आपोआप झालेलं नाही. इथं बघा."

ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी पांढऱ्या रंगाची एक रेघ होती, भाताच्या शितापेक्षाही बारीक. अर्धी रेघ फिरणाऱ्या भागावर, अर्धी इंजिनावर, दोन्ही तंतोतंत जुळलेल्या. मी ती कधी पाहिली नव्हती.

"अडाण्याचं काम नाही हे. अडाणी माणूस खुणेची रेघ मारत नाही." ते वाकून गाडीची पाटी पाहून आले. "नागानोची गाडी. नागानोत कुठे? किती उंचावर?"

"तेराशे पन्नास मीटर. जूनमध्येसुद्धा पहाटे दहिवर गोठतं तिथे."

"हं!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "मग बरोबर. तिथं हवा विरळ. जुन्या गाड्या तिथं दमतात. ठिणगी लवकर पाडली की जोर येतो आणि आवाजही होत नाही. वरच्या हवेला लावलेली गाडी तुम्ही खालच्या दाट हवेत आणलीत. गाडीचा दोष नाही, लावणाऱ्याचाही नाही."

"माझ्या नवऱ्याने लावली," मी म्हणाले. "बत्ती वगैरे नव्हती त्याच्याकडे. कान लावून लावायचा. गावातले सगळे आपापल्या गाड्या त्याच्याकडे आणायचे, वरच्या वावरात भरलेल्या खोक्यांसकट चढत नाहीत म्हणून."

"हात चांगला आहे."

"होता."

नुमाकुरांनी रेडिओ बंद केला. मग नको तेवढा वेळ हात पुसत राहिले.

"एक बोल्ट ढिला करायचा आणि नखभर फिरवायचं. पाच मिनिटांचं काम. मग इथं वाजणार नाही. वर गेलात तर जरा सुस्त वाटेल, पण पोचवेल."

"आणि मध्ये ठेवली तर? त्याचं थोडं, आपलं थोडं?"

"ठेवता येईल. मग इथंही थोडी वाजेल, तिथंही थोडी दमेल. ते गाडीसाठी नाही, तुमच्या मनासाठी होईल." बोल्टावर पाना ठेवून ते थांबले. "गाडी जिथं रोज चालते तिथल्या हवेला लावायची. तर सांगा, तुम्ही राहता कुठे?"

साधाच प्रश्न. सहा महिने मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं. कारखान्यातल्या बायकांना, बालवाडीच्या बाईंना, सासूबाईंना: हिवाळ्यापुरती. कुणी विचारलं की वर माझी खोली आहे, उंबरठ्यावर त्याचे चिखलाचे बूट आहेत, असं मी मनात मोजून घ्यायचे. पण त्या खोलीत एकटीने झोपण्याची कल्पना केली की मी मोजणं तिथेच सोडून द्यायचे. इथे निदान कोसेईची जागा रिकामी नव्हती. इथे त्याची जागाच नव्हती.

नात्सुहो टायरवर बसून माझ्याकडे बघत होती.

"इथे," मी म्हणाले. मग तिच्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "इथे राहतो आम्ही."

त्यांनी बोल्ट ढिला केला. बत्ती लुकलुकत राहिली, त्यांचा हात हळूच फिरला, इंजिनाचा सूर खाली उतरला. नखभरच. पण कोसेईची रेघ तुटली. वरचा तुकडा इकडे, खालचा तिकडे.

"जुनी खूण पुसून टाकू? गोंधळ नको म्हणून विचारतो."

"असू दे."

"असू दे," तेही म्हणाले आणि त्यांनी आपली नवी खूण पिवळ्या रंगाने शेजारी केली, जरा अंतर ठेवून.

परतताना मी मुद्दाम देवळाच्या चढावर गेले. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. काही नाही. व्हॅन शहाण्यासारखी चढत राहिली. या चढावर समोर समुद्र कसा वर येतो ते मी पहिल्यांदा पाहिलं, कारण आज ऐकण्यासारखं काही नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते, कुणी हिसकावून घेईल असं.

"आई," नात्सुहो मागून म्हणाली, "ते वाटाणे संपले?"

"संपले."

मग ती सीटबेल्ट ताणून पुढे वाकली, अगदी माझ्या कानापर्यंत.

"आपण इथे राहतो, हे बाबांना कुणी सांगितलं का?"